कच्ची निघालेली पोपटी

आई,

काल मी गावाला जाऊन आले. तुझ्या तेराव्याला जेवून निघाले होते, त्यानंतर काल. मध्ये वीस-बावीस वर्षं गेली. सासर पिंपरीचं, वाटेत फक्त एक घाट, दोन-अडीच तासांचा रस्ता. सातासमुद्रापार गेल्यासारखं वागायला मला काही कारण नव्हतं. म्हणजे कारण होतं, आणि ते मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. त्याबद्दलच लिहिते आहे.

गेल्या वर्षी कुणीतरी मोबाईलवर आपल्या गावातून बाहेर पडलेल्यांचा ग्रुप काढला. पनवेल, बदलापूर, डोंबिवली, एक जण तर दुबईचा. सुरुवातीला नुसते फुलांचे फोटो आणि सुप्रभात. मग एकाने शाळेच्या पायऱ्यांचा जुना फोटो टाकला आणि सगळ्यांना कंठ फुटला. वरच्या आळीच्या विहिरीवर कोण घसरून पडलं, माथेरानच्या हॉटेलात कामाला गेलेला कोणाचा भाऊ आठवड्याचे पाव घेऊन यायचा, असलं काय काय. तुझंही नाव निघायचं, दर दोन दिवसांनी. मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची पोपटी म्हटली की तू. मी वाचायचे आणि काही लिहायचे नाही. मग पौषात ठरलं की वाल भरलाय, सगळ्यांनी जमून गावातच पोपटी लावायची. मी दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा गप्प बसले, आणि काल सकाळी शिळफाट्यावर उतरून रिक्षा केली.

आपल्या खालच्या शेतात आता कुणाचा तरी बंगला आहे, पोहायच्या तलावासकट. घर आहे तिथेच आहे, दुसऱ्यांचं. मी तिकडे बघितलं नाही फारसं. तीस-पस्तीस जण जमलो होतो, निम्म्यांचे केस पांढरे, उरलेल्यांचे रंगवलेले. पुरुषांनी मडकं भरायला घेतलं आणि पहिल्या मिनिटापासून भांडायला लागले. तळाशी भांबुर्ड्याचा पाला किती, ओवा आधी की मीठ आधी. वर शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला, मग मडकं उपडं करून त्याच्यावर पेंढा आणि गवऱ्यांचा जाळ, आत पाण्याचा थेंब नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक. काढायचं कधी, ते मात्र कुणालाच नाही, कारण ते तू सांगायचीस. जाळ बसला की तू पदर खोचून वाकायचीस, तापलेल्या मडक्यावर चार थेंब शिंपडायचीस, त्या चर्र आवाजाला कान द्यायचीस. 'थांबा रं अजून,' म्हणालीस की अख्खं गाव थांबायचं. 'काढा,' म्हणालीस की काढायचं. तुझी पोपटी कधी करपली नाही की कच्ची राहिली नाही.

तेच कुणीतरी काल म्हणालं. तर डोंबिवलीचा एक जण हसून म्हणाला, "एका वर्षी निघाली की कच्ची. म्हातारीचं शेवटचं वर्ष. शेंगा अशा करकरीत, आमी त्याच खाल्ल्या गुपचूप."

शेजारची काकी खुर्चीत बसली होती. ऐंशीच्या घरात आहे आता, पण तोंड तसंच. ती म्हणाली, "निघंल नाय तर काय. मी नव्हते ना त्या साली." मग तिने सगळ्यांना ती गंमत सांगितली, आणि सगळे पोट धरून हसले. तुला ऐकूच येत नव्हतं म्हणे. शेवटची तीन-चार वर्षं, जवळजवळ काहीच. काकी मडक्याच्या पलीकडे तुझ्या समोर उभी राहायची, चर्र कसं झालं ते ती ऐकायची आणि भुवई उडवायची, की तू म्हणायचीस काढा. "मला शपथ घातलेली तिनं. म्हनली, कुनाला बोललीस तर मेल्यावर तुझ्या दारात येऊन बसंन. पोरीला कळलं तर ती दवाखान्यात नेईल, मग तिकडंच ठेवून घेईल, आन मला शेत सोडून ऱ्हावाचं नाय."

सगळे हसत होते. मी विचारलं, "काकी, तू फोनवर पण असायचीस ना तिच्याबरोबर?"

"मग? मी कान लावायचे, तू काय बोलतेस ते तिला तोंड हलवून सांगायचे. तिला माझं तोंड वाचता यायचं गं."

आई, तेव्हा गावात फोन एकट्या काकीकडे. माझा फोन आला की तू तिच्या ओटीवर जायचीस आणि मागून मला काकीची कुजबुज ऐकू यायची. मला वाटायचं, काय ही भोचक बाई, माय-लेकींना दोन शब्द बोलू देत नाही. एकदा मी तुला तसं म्हटलंसुद्धा. ते वाक्यही बिचारीने तुला इमानाने सांगितलं असणार.

"आणि त्या साली कुठं होतीस?"

"लेकीच्या बाळंतपणाला. मार्गशीर्ष लागला तशी गेले, ती संक्रांत झाल्यावर आले."

मार्गशीर्षातच मी तुला फोन केला होता. काकीच्या नव्या सुनेने उचलला, तुला बोलावलं, रिसीव्हर हातात दिला आणि आत निघून गेली. मला पाचवा महिना होता. दवाखान्यातून घरी येऊन तीन दिवस झाले होते. मी म्हटलं, आई, बाळ गेलं. तू म्हणालीस, "हां बाय. बरं. जेवलीस ना?" मला वाटलं आवाज आला नसेल, म्हणून मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. तू म्हणालीस, "जपून ऱ्हा हां. इकडं वाल फुलावर आलाय." आणि फोन ठेवलास.

मीही रिसीव्हर ठेवला. सासूबाईंनी विचारलं, आईला कळवलंस? मी हो म्हटलं. त्यानंतर तुला फोन केला नाही. संक्रांतीला गावचा एक जण, आमच्याकडे कंपनीत होता तो, तुझी पिशवी ठेवून गेला. वालाच्या शेंगा आणि खाली घडी घातलेलं दुपटं. तान्ह्या बाळाचं. मला वाटलं, कळूनही हिने पाठवलं. एवढा राग मी आयुष्यात कुणाचा केला नाही. शिमग्याच्या आधी तू गेलीस, मी आले, पण रडले नाही. बायका आपापसात बोलल्या, मला ऐकू आलं.

काल सगळे उठून मडक्याकडे गेले तेव्हा काकीने माझा हात धरला. आवाज खाली आणून म्हणाली, "तुझं तसं झालेलं मला मातीच्या दिवशी कळलं. पोटाकडं बघून. तुझ्या आयला ठाऊकच नव्हतं गं. वैशाखात नातू येनार म्हनून दिवस मोजीत बसायची. तू फोन करी ना, तर म्हनायची, जड झाली असंल पोर. म्हटलं, आता कशाला कुनाला सांगायचं. खुशीत गेली ती."

मी फोन केला होता हे मी तिला सांगितलं नाही. ऐंशीच्या बाईने आता लेकीच्या बाळंतपणाला गेल्याचा पश्चात्ताप करावा, एवढी मी दुष्ट नाही. पण तुला सांगते. त्या वेळी नवरा म्हणाला होता, चल, आईकडे सोडतो तुला. मीच नको म्हटलं. पोट मिरवत गेलेली मी रिकामी उतरले तर वरच्या आळीच्या बायका काय बघतील, या लाजेपायी मी फोन केला. तुझ्यासमोर येऊन नुसती बसले असते, तरी तुला कळलं असतं. किंवा लिहिलं असतं तरी. चौथी पास होतीस, ओळीखाली बोट धरून वाचायचीस. हे पत्र तेव्हा लिहायचं होतं. आता ते कुणाच्या पत्त्यावर टाकू?

पोपटी काढायची वेळ झाली तेव्हा सगळ्यांनी मलाच पुढे केलं. मी पाणी शिंपडलं. चर्र झालं, मला स्वच्छ ऐकू आलं, तरी मी काकीकडे बघितलं. तिने भुवई उडवली, तेव्हा म्हटलं, काढा. शेंगा चांगल्या शिजल्या होत्या. मला दोनापलीकडे गेल्या नाहीत.

निघताना काकी फाटकापर्यंत आली. म्हणाली, "तुझ्या आयनं ते दुपटं शिवलं ना, आपल्या लग्नातल्या लुगड्याचा काठ लावून, डोळे फोडून घेतले तिनं. जपून ठेवलंस ना?"

आई, ते मी दुसऱ्याच दिवशी भांडीवालीला देऊन टाकलं होतं. घडीसुद्धा मोडली नव्हती. त्याला काठ होता हे मला काल कळलं.

मी काकीला हो म्हटलं.