मेजरच्या खाजेची चौकशी

१७ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६.
थंडी पडली. पलूसला यंदा लवकरच. मेजर पडवीत मुटकुळं करून पडला होता. बघवेना. माळ्यावरची काळी पेटी उतरवली आणि माझे मिलिटरीचे ब्लँकेट काढले. रिटायर होऊन एकवीस वर्षे झाली, पण कसरीने एक भोक पाडलेले नाही. दर दिवाळीला पेटी उघडून देखभाल करतो, त्याचे फळ. याला म्हणतात मेंटेनन्स. झटकले तर पांढरी भुकटी उडाली, मी आणि मेजर दोघेही शिंकलो. सौ. म्हणाली, आवं, कांबळं धुऊन तरी घाला, न्हाईतर ती नानासोंनी धाडलेली घोंगडी घाला, कोरी हाय. धुतले की लोकर आटते, हे तिला काय माहीत. आणि ती घोंगडी पिशवीतून काढायची नाही, हे ठरलेले आहे.

सर्व्हिसमध्ये एकाही मेजरला ‘बस’ म्हणता आले नाही. म्हणून कुत्र्याचे नाव मेजर ठेवले. आता रोज म्हणतो. तो बसत नाही, हा भाग वेगळा.

११.०५. जयराजचा व्हिडिओ कॉल. नेहमीप्रमाणे सौ.च्या फोनवर. आमचा एकुलता एक. कराडला असतो, तासाभराच्या अंतरावर, पण येत नाही. त्याच्या लग्नाला आम्ही (मी) गेलो नाही, तेव्हापासून. मुलगी कवठे महांकाळकडची, मेंढरंवाल्यांची. कारवानी जातीच्या कुत्र्याचे पिल्लू बघायला म्हणून हा दर रविवारी तिकडे जायचा. पिल्लू घरी आले तरी रविवार थांबेनात, तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. नानासो म्हणजे तिचा बाप. भाड्याच्या खोलीत कुत्रे चालत नाही, म्हणून मेजर माझ्याकडे राहिला.

दीड वर्ष जयराज माझ्याशी बोललेला नाही. मेजरशी बोलतो. आज म्हणाला, मेजर, जेवलास का रं? जेवलो, मी म्हणालो. म्हणाला, थंडी लय हाय का तिकडं? मिलिटरीचे ब्लँकेट मिळाले आहे, मी म्हणालो. म्हणाला, मग झ्याक हाय की तुझं. चार मिनिटे बोलणे झाले. संबंध सुधारत आहेत.

२३ नोव्हेंबर, शनिवार
मेजर खाजवतो. पोटाखाली, काखेत आणि कोपरांवर लाल पुरळ. शेजारचा धनाजी वाकून बघून म्हणाला, गड्या, दवाखान्यात न्हे. म्हटले, आर्मीच्या डॉग युनिटमध्ये चार वर्षे काढलेल्या माणसाला तू शिकवू नको. सौ. आतून ओरडली, आवं, तुमी तितं कुत्र्यांचं जेवान शिजवत व्हता. परक्या माणसासमोर हे बोलायची गरज नव्हती. कुत्र्याचे आरोग्य पोटातूनच सुरू होते.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी नेमली. अध्यक्ष मी, सभासद मी. वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखले: संशयित, पुरावा, निकाल. आठ दिवसांत छडा लावतो.

२४ नोव्हेंबर, रविवार
फोनसमोर मेजरचे फक्त तोंड धरले. जयराज म्हणाला, मेजर, डोळं का असं रं तुझं? मेजर म्हणाला, झोप झाली नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
संशयित क्र. १: धनाजीच्या म्हशीच्या गोचिडी. चष्मा लावून, बॅटरी घेऊन, मेजरला डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन तास विंचरला. गोचीड सापडली नाही. धनाजी पुराव्याअभावी सुटला. संशय कायम.

३० नोव्हेंबर, शनिवार
संशयित क्र. २: काजळी. साखर कारखाना सुरू झाला, रानात उसाचे पाचट पेटवतात, अंगणात सगळीकडे काळे पडते. मेजरचे बाहेर जाणे बंद केले. चार दिवस चोवीस तास पडवीत, ब्लँकेटवर. पुरळ वाढले. यावरून सिद्ध होते की काजळी पडवीतही येते. ब्लँकेटची दुहेरी घडी केली, म्हणजे खालची फरशी तरी लागणार नाही.

४ डिसेंबर, बुधवार
संशयित क्र. ३: सौ.चे जेवण. अंडे बंद, दूध बंद, नुसती ज्वारीची भाकरी. सौ. म्हणाली, खाजंनं न्हाई मेला तर तुमी उपाशी माराल त्येला. संध्याकाळी चुलीच्या राखेत अंड्याची टरफले सापडली. घरात शिस्त राहिलेली नाही. अशाने चौकशी कशी व्हायची?

पोटावरचे केस गेले. तिथली कातडी हत्तीच्या कातडीसारखी झाली आहे. रात्रभर पाय आपटल्याचा आवाज येतो. मला झोप लागत नाही, पण ते वयामुळे.

८ डिसेंबर, रविवार
आज फोनवर ती सोनम आली. सून म्हणायचे तर म्हणावे. मेजरकडे बघितले आणि तिने तोंडावर हातच ठेवला. मग एकदम मलाच म्हणाली, आबा, त्येला निजवताय कशावर? आमचं दादा म्हनत्यात, पोटाला न् कोपराला उठतंय म्हंजे अंगाखालचं बाधतंय. आदी अंथरून काढून टाका. न्हाईतर मोकळ्या मातीत बांधा.

तेवढ्यात रेंज गेली. (फोन बंद करताना माझे बोट लागले असावे.)

एकवीस वर्षे जपलेले सरकारी ब्लँकेट बाधते म्हणे. आणि हे सांगणार कोण, तर तिचे दादा, म्हणजे नानासो. जन्म मेंढरांमागे गेला त्यांचा. मी लडाख पाहिले आहे.

११ डिसेंबर, बुधवार
जालीम उपाय करायचे ठरवले. ट्रॅक्टरचे जळके ऑइल आणि गंधक. आमच्या वडिलांनी बैलांना हेच लावले, एक बैल खाजेने गेला नाही. मेजरला धरून सगळीकडे चोळले. तो ओरडला. मेजर कधी ओरडत नाही. चावेल असे वाटले होते, चावला नाही. माझे मनगट दातांत धरून नुसता उभा राहिला, सोडेना. थरथरत होता. मग मीच म्हणालो, झालं, झालं.

ऑइल चाटू नये म्हणून वरून ब्लँकेट गुंडाळून सुतळीने बांधले.

१४ डिसेंबर, शनिवार
सौ.ने जेवण सोडायची धमकी दिली. धनाजीच्या टेम्पोतून मेजरला दवाखान्यात नेले. डॉक्टरीण लहान वयाची. अर्धा तास ती त्याच्या अंगावरचे ऑइल पुसत होती. नंतर म्हणाली, हे कुणी लावलं? मी म्हटले, शेजाऱ्याने. (धनाजी बाहेर टेम्पोत होता.)

मग तिने विचारले, पुरळ येण्याच्या आधी घरात नवीन काय आणलं? पावडर, फिनेल, अंथरूण? म्हटले, नवीन काही नाही. हे शंभर टक्के खरे आहे. ब्लँकेट जुने आहे.

म्हणाली, झोपतो कशावर?

आता हाच प्रश्न कवठे महांकाळहून आला होता. मी ब्लँकेटचे नाव घेतले असते तर ही म्हणाली असती, काढून टाका. मग नानासो बरोबर. मग ते लग्नही बरोबर. मग दीड वर्ष मी काय केले? म्हटले, फरशीवर झोपतो. सौ. केसपेपर काढायला बाहेर उभी होती, हे बरे झाले.

दोन इंजेक्शने दिली. तोंडातून लाळ गळते हे चांगले लक्षण नाही, तीन दिवसांनी परत आणा, म्हणाली.

१९ डिसेंबर, गुरुवार
यश!
ऑइलच्या वासाने पडवीत बसवेना, म्हणून सौ.ने मेजरला कालपर्यंत धनाजीच्या गोठ्यात पाचटावर बांधले होते. चार दिवस. खाज निम्मी झाली. काल शेपूट हलवली. ऑइल लागू पडले, हे उघड आहे, वरून कितीही पुसले तरी आत मुरलेले असते. आता त्या डॉक्टरीणबाईकडे परत जायची गरज राहिली नाही.

मेजरला मानाने घरी आणला. ब्लँकेट परत दिले. आधी चार वेळा त्याभोवती फिरला, बसेना. म्हटले, मेजर, बस. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझे ऐकले.

२२ डिसेंबर, रविवार
मेजर उठत नाही. मागचे पाय थरथरतात. तोंडाला फेस.

११.०५. जयराज म्हणाला, मेजर, ऊठ की रं. मेजर, हिकडं बघ. मेजरने उत्तर दिले नाही. मग तो आईला म्हणाला, उद्या सकाळी येतो, सासऱ्यांकडं न्हेतो त्येला.

उद्या जयराज घरी येणार. सौ. पुरणाची डाळ निवडत बसली आहे. सांगितले तिला, एवढे काही नको.

२३ डिसेंबर, सोमवार
मेजर गेला. पहाटे. ब्लँकेटवरच. मी शेजारी होतो. अंगावर हात होता, त्यामुळे कळले.

जयराज आठला आला. मोटरसायकलला गोणपाटाची झोळी बांधून आणली होती, मेजरला न्यायला. आल्या आल्या झोळी सोडली आणि घडी करून ठेवली. बांधाजवळ खड्डा खणला. टिकाव मी धरला, त्याने काढून घेतला नाही. आळीपाळीने खणले. बोलणे झाले नाही, आता बोलायला मध्ये कोण होते? चहा न घेता गेला. पुरण शिजलेच नाही.

ब्लँकेट मेजरबरोबर पुरा, असे सौ.चे म्हणणे. मी दिले नाही. त्याचा वास आहे त्याला.

चौकशीचा अंतरिम निकाल: हवामान.

२९ डिसेंबर, रविवार
सव्वाबारापर्यंत पडवीत बसलो होतो. ऊन चांगले होते म्हणून. फोन आला नाही.

२ जानेवारी, गुरुवार
नवीन वर्षाचा संकल्प: रडायचे नाही. (रडलेलो नाही. पडवीत धूर येतो.) घरात झोप येत नाही, म्हणून चार दिवस झाले पडवीतच झोपतो, मेजरच्या जागी. ब्लँकेट उबदार आहे.

६ जानेवारी, सोमवार
अंग खाजते. कोपरांवर, काखेत, पोटावर. लाल पुरळ.

पहिला विचार आला, मेजरची लागण झाली. पण मेजरला जाऊन चौदा दिवस झाले. मग दुपारी सौ. देवळात गेली तेव्हा काळी पेटी उतरवली. तळाला प्लास्टिकचा पुडा होता, तोंड उघडे. उसाच्या मुळातल्या हुमणी किडीला टाकायची पावडर. पुड्यावर लाल त्रिकोण. ‘अंगाला लागू देऊ नये, जनावरांपासून दूर ठेवावे.’ दर दिवाळीला मीच टाकतो, रानात घालून उरलेली, दोन ओंजळी, घडीघडीत नीट पसरून. कसर लागू नये म्हणून. मेंटेनन्स.

वहीचे शेवटचे पान काढले. संशयित क्र. ४ लिहिले. पुढे नाव लिहायचे होते. पेन चालेना.

सौ. आली तेव्हा सगळे परत पेटीत होते. ब्लँकेट तेवढे अंगणात पडले होते. तिने ते परड्यात नेऊन जाळले, आणि पिशवीतून नानासोंची घोंगडी काढून माझ्या अंथरुणावर टाकली. घोंगडी टोचते.

१२ जानेवारी, रविवार
११.०५. फोन वाजला. सौ. बाहेर आली, फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, घ्या, तुमच्याशी बोलायचं म्हनतोय.

म्हणाला, आबा.

दीड वर्षाने. मी काही बोलायच्या आत म्हणाला, कशानं झालं त्ये कळलं का? दादा सारखं इचारत्यात, त्येंच्या कळपातलं पिल्लू व्हतं न्हवं.

दोष कुणाला लावायचा असा सूर नव्हता. नुसते विचारत होता. म्हटले, नाही बाबा, काही कळले नाही. त्वचेचं काही सांगता येत नाही.

म्हणाला, बरं. आबा, तुमी जपा सोताला.

कॉल एक्केचाळीस सेकंद. त्यात आबा दोनदा.

पुढच्या रविवारी खरे सांगणार. सगळे. आधी ऑइल, मग डॉक्टरीण, मग पेटी. क्रम लिहून काढला आहे. नक्की.

१९ जानेवारी, रविवार
पुरळ गेले. घोंगडी चांगली आहे.

फोन आला. आबा, अंगाला आता बरं हाय का, आई सांगत व्हती, म्हणाला. बरे आहे म्हणालो. म्हणाला, सोनम आणि मी पुढच्या महिन्यात येतो, दादा एक पिल्लू देतो म्हनत्यात, तुमाला सांभाळायला. मग तो थांबला. क्रमाचा कागद हातात होता. मी त्याची घडी केली.

रेंज नीट नव्हती, त्यामुळे सांगायचे राहिले.

रेंज होती.