डाव्या बाजूची खिडकी

बाबा, येत्या मे महिन्यात आम्ही चिखलदऱ्याला जायचं ठरवलंय. भाड्याची गाडी करायची नाही, एसटीनंच जायचं, असं मी घरात जाहीर केलं, तेव्हापासून घरात शांतता नाही. ज्यांना तुम्ही कधी पाहिलं नाहीत ते तुमचे जावई रोज जेवताना एकदा तरी म्हणतात, ‘‘अवो, दोन लहान लेकरं, मे महिना अन् लाल डब्बा! लोकं गाडी करून जाऊन राह्यले, अन् आपल्यालेच काऊन हे सोंग?’’ मी भाजी वाढते. त्यांचं म्हणणं खोटं नाही. गोंडपिपरीहून चंद्रपूर, तिथं मावशीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी अमरावती, तिसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून घाट. थोरली सात वर्षांची, तिला घाट लागतो. धाकटा चार वर्षांचा, त्याला दर तासाला शू लागते. शहाण्या माणसानं असला बेत करू नये. पण तो बेत माझा नाही बाबा, तुमचा आहे. मी फक्त तीस वर्षं उशिरा निघतेय.

गेले आठ दिवस तयारी चाललीय. मुलांच्या खिशात टाकायला पांढरे कांदे आणून ठेवलेत, लू लागू नये म्हणून. घाटात हुंगायला लिंबं, चघळायला आवळा सुपारी, ओले करून डोक्याला गुंडाळायला दुपट्टे. वाटेत कुठल्या बसस्टँडावर बाईमाणसाला जाता येईल अशी मोरी आहे, हे शाळेतल्या बायांना विचारून ठेवलं. काल मोबाईलवर तिकिटं काढताना मी बोटानं जागा शोधत होते, तेव्हा थोरली मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, ‘‘इकडच्याच काऊन? तिकडच्या बी खाली हायेत न!’’ मी म्हटलं, सकाळच्या गाडीत ऊन उजवीकडून येतं, म्हणून डाव्या बाजूला बसायचं असतं. हे वाक्य माझ्या तोंडून जसंच्या तसं तुमच्या आवाजात निघालं आणि मला पुढचं बटण दाबता येईना. तीस वर्षांपूर्वी आपण ज्या बसनं चिखलदऱ्याला निघालो होतो, त्या बसमधली एक गोष्ट तुमच्याशिवाय आणि माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. आईलाही नाही. ती एकदा लिहून काढायची, म्हणून आज मुलं झोपल्यावर वही घेऊन बसलेय.

तुम्ही आलापल्लीला जंगल खात्यात गार्ड, लोकांच्या भाषेत नाकेदार, होतात आणि गार्डाच्या लेकरांना उन्हाळ्याची सुट्टी नसते. म्हणजे शाळेला असते, बापाला नसते. मोहफुलं गळायला लागली की लोक झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करतात, तेंदूला नवी पानं फुटावीत म्हणून कुणी रान लावून, म्हणजे पेटवून देतं, आणि एक ठिणगी उडाली की तुमची रात्र गेली. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत तुम्ही घरात पाहुण्यासारखे यायचात. अंगाला जळक्या पाल्याचा वास, पापण्या करपलेल्या, आणि कमरेला मोडलेल्या फांदीच्या काड्या अडकलेल्या. आग हिरव्या फांदीनं झोडपूनच विझवायची, दुसरं हत्यार नाही, हे मला पाढ्यांच्या आधी ठाऊक होतं. आणि तरी दर उन्हाळ्यात जेवण झाल्यावर तुम्ही चिखलदऱ्याची गोष्ट काढायचात. कधीतरी खात्याच्या ट्रेनिंगला तिथं आठ दिवस राहिला होतात. ‘‘मे महिन्यात चादर घ्या लागते तिथी,’’ असं म्हणायचात, आणि आम्ही दोघं भावंडं घामानं भिजलेल्या बनियानांत बसून हसायचो. कोणती गाडी कुठं बदलायची, कुठं चहा चांगला मिळतो, कोणत्या बाजूला बसायचं, सगळं तुमचं तोंडपाठ. आई म्हणायची, ‘‘बस झालं, जाऊन आलो आमी.’’

रविवारी कधीकधी तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून बीटात, तुमच्या राखणीच्या जंगलात न्यायचात. टेकडीवरच्या खडकावर बसवायचात आणि म्हणायचात, ‘‘पाह्य बरं, कुठी धूर दिसते काय?’’ धूर तुम्हीच शिकवलात मला. पाला जळतो त्याचा धूर पांढरा, जाड, बुडाशी पसरलेला. चुलीचा धूर निळसर, बारीक, एका जागेवरून सरळ वर जाणारा. आधी मला दिसला तर खिशातून संत्र्याची गोळी निघायची आणि संध्याकाळी जंगल खात्याच्या नाक्यावर चार माणसांत तुम्ही सांगायचात, ‘‘माह्या पोरीचे डोळे गार्डाचे हायेत.’’ खरं सांगते, वर्गात पहिली आले तेव्हाही मी इतकी फुगले नव्हते. भाऊ लहान होता, तो दांडीवर बसायला रडायचा आणि मी त्याला बसू द्यायची नाही.

मग मी सातवीत असताना तुम्हाला रजा मिळाली. मे महिन्यात, पाच दिवस. ती कशी मिळाली देव जाणे, पण आईनं नवस फेडल्यासारखा शेजाऱ्यांना गूळ वाटला. त्याआधीचे चार दिवस तुम्ही आगीवरच होतात. थेट रानातून आलात, आंघोळ केलीत आणि आम्हाला घेऊन निघालात. चंद्रपूर, अमरावती, सगळं तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं. चहासुद्धा खरंच चांगला होता. तिसऱ्या दिवशी सकाळची गाडी. डावी बाजू. घाट लागतो म्हणून खिडकी मला, माझ्याशेजारी तुम्ही, पुढच्या बाकावर भावाला मांडीवर घेऊन आई. परतवाडा मागे पडलं, घाट सुरू झाला, खिडकीतून येणारा वारा पहिल्यांदा गार लागला, आणि तुमची मान माझ्या खांद्यावर पडली. चार रात्रींची उरलेली झोप होती ती.

पुढचं आई सांगते तसं सांगते, कारण आमच्या घरात ही गोष्ट तिचीच आहे. लग्नकार्यात, मयतीच्या तेराव्यात, नव्या सुनेला, शेजारणीला, तिनं ती इतक्या वेळा सांगितलीय की आता तिच्यात एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. ‘‘चांगले झोपले होते, अन् एकदम वरडले, थांबवा हो भाऊ, जंगल लागलं! कंडक्टर म्हणे, लागू द्या न साहेब, इथले गार्ड पाह्यतीन. हे कायले आयकतेत! गाडीतून उतरले, आमालेबी उतरवलं, फांदी मोडली अन् पळाले. तासाभरानं आले वापस. हातात फांदी तशीच, अन् मांगं दोन माणसं पत्रावळी घेऊन. काय होतं, तं लगन! कोरकू लोकाईचं लगन होतं टेकडीमांगं, सैपाकाच्या चुली पेटल्या होत्या.’’ इथं सगळे हसतात. मग आई सांगते की नाकेदार साहेब फांदी घेऊन मांडवात शिरले तेव्हा वऱ्हाडी आधी घाबरले आणि मग हसून लोळले, आणि पोरंबाळं रस्त्यावर उपाशी आहेत म्हटल्यावर त्यांनीच भात आणि वरण आणून दिलं. दुपारची गाडी आलीच नाही. संध्याकाळची आली ती खचाखच भरलेली, हात दाखवूनही थांबली नाही. शेवटी उतरणाऱ्या गाडीत जागा मिळाली आणि आम्ही खाली परतवाड्याला आलो. दुसऱ्या दिवशी परतीला निघणं भाग होतं, रजा संपत होती. चिखलदरा तिथून गाडीनं अर्ध्या तासावर होतं म्हणतात.

आईच्या गोष्टीत एक तुकडा नाही, कारण तेव्हा ती पाणी आणायला खालच्या हातपंपावर गेली होती. तुम्ही परत आलात. पायजमा काट्यांनी फाटलेला, चेहरा लालबुंद, आणि तरी हसत होतात. मला पत्रावळ द्यायला वाकलात. मी ती उडवून लावली. भात धुळीत सांडला. ती दोन माणसं उभी होती, त्यांच्यासमोर मी ओरडले, ‘‘तुमाले जंगलच पायजे, आमी नाई पायजे! तुमच्यापायी झालं हे!’’ तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नाही. मग खाली बसून सांडलेल्या ढिगातला वरचा स्वच्छ भात वेचलात आणि म्हणालात, ‘‘हौ बाई, माही चूक झाली. मलेच धूर दिसला.’’

तुम्हाला नव्हता दिसला, बाबा. तुम्ही झोपला होतात. धूर मला दिसला. तुमच्या कानाशी तोंड नेऊन ‘‘बाबा, जंगल लागलं’’ असं मीच म्हटलं. आणि तो निळसर होता. बारीक होता, एका जागेवरून सरळ वर जात होता, आणि तो चुलीचा आहे हे मला कळत होतं. अगदी नीट कळत होतं, तुम्हीच शिकवलं होतं. पण गाडीत इतके लोक होते, सगळे अनोळखी, आणि मला वाटलं की तुम्ही उठाल, त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल, माह्या पोरीचे डोळे गार्डाचे हायेत. तुम्ही गाडी थांबवाल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. माझ्या शब्दावर तुम्ही पुन्हा खिडकीबाहेर नीट पाहिलंसुद्धा नाहीत. तेवढा विश्वास त्यानंतर माझ्यावर कुणी ठेवला नाही, आणि ठेवूही नये.

तेव्हा मी बारा वर्षांची होते. लेकरूच, असं म्हणून मी स्वतःला सोडून देऊ शकते, आणि बरीच वर्षं तेच केलं. पण गोष्ट तिथं थांबली नाही. घरी आल्यावर आईनं ती पहिल्यांदा सांगितली तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता हसलात. नाक्यावर तुमच्या जोडीदारांनी तुमचं नाव ठेवलं, ‘लग्नाचा वणवा’, तेव्हाही हसलात. साहेबानं चार माणसांत विचारलं, काय रे, आज कोणाचं लगन विझवलं, तेव्हा मी तुमचा डबा घेऊन दारात उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. तुमचंही आणि माझंही. त्या उन्हाळ्यानंतर तुम्ही चिखलदऱ्याचं नाव काढलं नाहीत, आणि मला पुन्हा कधी त्या खडकावर नेलं नाहीत. आता मोठी झाली, दांडीवर मावत नाही, असं आईला सांगितलंत. मी मावत होते, बाबा. मला कळलं होतं. मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं म्हणून मी तुमच्यावरच चिडायची.

मी चंद्रपूरला डी.एड. करत होते तेव्हा तुमची छाती धरली. इतक्या वर्षांचा धूर पोटात घेतलेला, तो कुठं जाणार होता. दवाखान्यात दुपारी मी तुमच्यापाशी एकटी बसायची. तुम्हाला बोललं की धाप लागायची, म्हणून आपण बोलायचोच नाही. मी रोज ठरवून यायची की आज सांगते. काय सांगणार होते, तुम्हाला तर माहीतच होतं. पण मला माहीत आहे की तुम्हाला माहीत आहे, एवढं तरी म्हणायचं होतं. एका दुपारी तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, ‘‘चिखलदऱ्याले जाजो एकदा. लेकरं झाले का त्याईले नेजो. बसनंच जाजो, खाली-वर सारं दिसते. डाव्या बाजूनं बसजो.’’ मी ‘‘हौ’’ म्हटलं. तुम्ही माझ्या बोलण्याची वाट पाहत होतात का, ते मला आजवर कळलेलं नाही. मग नर्स सलाईन बदलायला आली आणि मी उठून बाहेर गेले.

आता आई माझ्याकडेच असते. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. रोज संध्याकाळी धाकटा तिच्या मांडीत शिरतो आणि म्हणतो, ‘‘आजी, आबाचं लगन सांग.’’ दोघं मुलं अंगणातली कडुलिंबाची फांदी घेऊन तुमच्यासारखी पळतात, मांडवात शिरतात, आणि हसून लोळतात. तुम्ही त्यांना एवढेच ठाऊक आहात. ज्या माणसानं तीस उन्हाळे एवढं मोठं जंगल झोडपून झोडपून वाचवलं, तो माझ्या मुलांसाठी लग्नात फांदी घेऊन घुसलेला येडा आबा आहे. म्हणून मला त्यांना त्या घाटानं न्यायचंय. त्या वळणावर सांगायचं असं मनाशी ठरवलंय, घरी राहणाऱ्या आईलाही फोन लावून, सगळ्यांना एकदमच. तिकिटं निघालीत. सांगितल्याशिवाय वर पोचायचं नाही, एवढंच मी स्वतःला बजावलंय.

पण तुमच्याशी तरी खोटं नको. काल तिकिटं काढून झाली, तेव्हाही थोरली मांडीतच होती. पाय हलवत होती. मग मान वर करून म्हणाली, ‘‘आई, आबा तं झोपले होते न गाडीत? मग त्याईले धूर दाखवला कोणं?’’ इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी ती गोष्ट ऐकली, बाबा, आणि हे कुणीच विचारलं नव्हतं. घरात कुणी नव्हतं. आई शेजारच्या देवळात गेली होती. मी म्हटलं, ‘‘जाग आली असन त्याईले. त्याईलेच दिसला.’’

ती हसली. ‘‘आबा येडेच होते,’’ म्हणाली. आणि मीही तिच्यासोबत हसले.