चढाला दमणारी पिकअप

प्रिय फोरमन,

बाबांनी ठेवलेल्या या नावाने मी तुला कधी हाक मारत नाही, पण आज गाडीबद्दलच लिहायचं आहे, म्हणून मारली. पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला तरी ठीकच वाटेल. फोनवर बोलता आलं असतं तर लिहायला बसलेच नसते. पण माझा फोन बंद पडला आहे आणि चालू आहे तो तुझ्या बाबांच्या शर्टाच्या खिशात असतो. तुझा फोन आला की ते स्पीकर लावतात, "कशी आहेस" झालं की तुमचं इंजिनपुराण सुरू होतं आणि शेवटी "आईला काही बोलायचंय का" असं विचारलं जातं. त्यांच्यादेखत मी काय बोलणार? आत्ता ते काचा पोचवायला गेले आहेत, तेवढ्या वेळात लिहून घेते. हल्ली गाडी फाटकाबाहेर पडली की ती परत आल्याचा आवाज येईपर्यंत माझं शिलाईत लक्ष लागत नाही. परवा एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. गिऱ्हाईक भलं होतं म्हणून हसून सोडून दिलं.

पिकअप टाकीच्या चढाला दमायला लागली, तिथपासून सांगते. तुला आठवतं ना, काचेचं दुकान खाली गोदामांच्या रांगेत आणि नवी घरं सगळी पाण्याच्या टाकीच्या वर. सगळ्या काचा त्याच चढावरून न्याव्या लागतात. बाबा घरी येऊन म्हणायचे, गाडी ओढत नाही, अर्ध्यात गेली की रडायला लागते, मागचे हॉर्न मारून जीव खातात. नवी गाडी घेण्याचा तर विषयच नव्हता. मग तू तिकडच्या वर्कशॉपमधून एकेक उपाय सांगायला लागलीस, तोही आपल्या खिशाला झेपेल असा. हवेचा फिल्टर बदलून झाला, डिझेलचा झाला, नोझल साफ करून झाले. तू म्हणालीस ब्रेक चिकटत असतील, तर चारही चाकं उचलून तेही बघून झालं. मग तू म्हणालीस वजन उतरवा. लगेच टपावरचं लोखंडी कॅरियर गेलं, हत्यारांची पेटी गेली, मागचं बाकडं गेलं, ज्याला मी स्वतः गादी शिवली होती. एकदा भर चढावर माझ्याकडे बघून म्हणाले, आता एकच जड वस्तू उतरवायची राहिली. मी दार उघडून खरंच उतरले आणि पायी वर गेले. तरी गाडी माझ्या मागूनच आली. तेव्हा आम्ही दोघं खूप हसलो होतो.

तो काळ वाईट नव्हता गं, हे मी कबूल करते. तू घर सोडून गेल्यापासून बाबा इतके बोलताना मी पाहिले नव्हते. तुझ्या फोनची वाट बघायचे, तू सांगितलेलं मला परत समजावून सांगायचे, मला काडीचं कळत नाही हे माहीत असूनही. बापलेकीचं एवढं गूळपीठ बघून मला बरं वाटायचं आणि थोडा हेवाही वाटायचा. म्हणूनच कदाचित मी बराच काळ काही बोलले नाही.

मग एक दिवस कोपऱ्यावरचे मिस्त्री म्हणाले, चावी द्या, मीच बघतो चालवून. गाडीत काचा भरलेल्या होत्या, मी पुढे बसलेले होते, बाबा खाली रस्त्यावर उभे राहिले. मिस्त्रींनी गाडी अशी वर नेली जशी काही रिकामीच आहे. वरून वळवून खाली आणली आणि सहज बोलून गेले, "अहो, गाडी ठणठणीत आहे तुमची, दाबत नाही तुम्ही." बाबा हसले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, त्याला काय कळतं, त्याच्या गॅरेजात आलेली गाडी परत जाताना खुळखुळा वाजवत जाते. इतक्या वर्षांची ओळख, पण त्या दिवसापासून ते त्या गॅरेजची पायरी चढलेले नाहीत. हे तुला त्यांनी सांगितलं नसणार. तुला एवढंच सांगितलं की, मिस्त्रीलाही दोष सापडला नाही, आता तूच काहीतरी मोठा उपाय सांग.

आणि तू सांगितलास. पंपाचा स्क्रू कसा फिरवायचा, ॲक्सिलरेटरची केबल कुठल्या भोकात अडकवायची, म्हणजे थोडं दाबलं तरी गाडीला भरपूर डिझेल मिळेल. अंगणात बॉनेट उघडं, फोन बॅटरीवर ठेवलेला, तू तिकडून सांगते आहेस आणि मी टॉर्चचा उजेड धरून उभी. पहिल्यांदा चालू केली तेव्हा एवढा काळा धूर आला की शेजारणीच्या दोरीवरचे पांढरे कपडे मला परत धुऊन द्यावे लागले. पण गाडी चढली. टाकीचा चढ अशी चढली की बाबांनी वर जाऊन मुद्दाम हॉर्न वाजवला. तुला लगेच फोन केला, तूही तिकडे टाळ्या वाजवल्यास. मी शेजारीच बसले होते, पण माझं लक्ष तुमच्या बोलण्यात नव्हतं. मी त्यांच्या पायाकडे बघत होते.

मला गाडीतलं कळत नाही, पण पायातलं कळतं. सगळा जन्म मी शिलाई मशीन पायाने चालवली आहे. कुठे किती दाब द्यायचा हे डोकं सांगत नाही, तळव्यालाच कळतं. बाबांच्या तळव्याला ते कळत नव्हतं. चेहऱ्यावर असा जोर, जणू पेडल पत्र्याला टेकवलं आहे, आणि खाली बघावं तर पेडल अर्ध्यावरच. त्यावर एक लाकडाचा ठोकळाही बसवलेला होता, नीट तासून, दोन स्क्रू मारून. तो तू सांगितलेला नव्हतास, हे मला माहीत आहे, कारण सगळं बोलणं मी ऐकत होते. आणि उतरताना वळण आलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली, पाय कुठे आहे ते डोळ्यांनी पाहिलं, उचलून ब्रेकवर ठेवला आणि मग समोर बघितलं. त्यानंतर मी बसले की मोजून बघते, प्रत्येक ब्रेकला ते खाली बघतात.

मग मागचं एकेक उलगडत गेलं. काचेच्या दुकानातून घरी आले तेव्हा उजव्या पायात चप्पल नव्हती. वाटेत कुठे निघाली हे त्यांना कळलंच नव्हतं, मी विचारलं तेव्हा त्यांनी खाली बघितलं. इस्त्री त्यांच्या पायाला लागून फोड आला, तोही मी दाखवला तेव्हा दिसला. दुसऱ्या घरात असं झालं असतं तर आधी माणसाला डॉक्टरकडे नेलं असतं. आपल्या घरात गाडीला नेलं. तुला दोष देत नाही, बाळा. तुला जे सांगितलं त्यावर तू उपाय केलेस आणि उपाय सगळे बरोबरच होते. तू गाडी सुधारलीस, पण त्यांनी तुझ्याकडून आपला पाय सुधारून घेतला. सुरुवातीला त्यांना खरंच वाटत असेल गाडी कमी पडते आहे. पण तो ठोकळा तासून बसवणाऱ्या माणसाला काय कमी पडतं आहे हे पक्कं ठाऊक असतं.

मी बोलले नाही असं नाही. जेवण झाल्यावर सरळच म्हणाले, अहो, गाडी नाही, पाय दाखवू या. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि अंगणात जाऊन गाडीशी उभे राहिले. आत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "काच पोचवता येत नाही तर मी काय करू घरात? तुझ्या बटणांना काजं करू?" यात रागापेक्षा भीतीच जास्त होती. मला त्यांची इतकी कीव आली की मी गप्प बसले. ते गप्प बसणंही आता मला परवडत नाही.

कारण मागच्या आठवड्यात ते वाळूच्या ढिगात शिरले. तुला ते हसत हसत सांगत होते, "अगं, गाडीला आता एवढी ताकद आली आहे की आवरत नाही," आणि तूही हसलीस. तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. झालं ते असं. उतारावर नव्या घरासमोर थांबायचं होतं. त्यांनी खाली बघितलं, पाय उचलला, पण तो पडला ठोकळ्यावर. गाडी थांबायच्या ऐवजी उडाली आणि समोरच्या वाळूत घुसली. मागे पोचवायला घेतलेला मोठा आरसा मधोमध तडकला. आयुष्यभर ज्या माणसाने काचेला ओरखडा येऊ दिला नाही, त्याच्या गाडीत आरसा तडकला. पण मला त्याचं काही नाही. त्या वाळूवर गवंड्याची बायको चाळण घेऊन बसलेली होती, नुकतीच पाणी प्यायला उठून गेली होती. तिची चाळण चाकाखाली चपटी झाली. बाबांनी ती चाळण उचलली, तिच्याकडे बघितलं आणि तशीच तिच्या हातात दिली. हे सगळं मी दुकानाच्या काचवाल्याकडून ऐकलं, तो तेव्हा गाडीत शेजारीच बसला होता. घरी येऊन त्यांनी मला फक्त आरशाचं सांगितलं.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. तू सुट्टीला येताना इंजिनाला आणखी जोर देणारा, भंगारातल्या गाडीचा टर्बो घेऊन येणार आहेस, स्वस्तात मिळाला म्हणून. बाबा तेव्हापासून दिवस मोजत आहेत. अंगणातली जागा झाडून ठेवली आहे, नटबोल्ट रॉकेलमध्ये भिजवून ठेवले आहेत. तो आणू नकोस. ये मात्र नक्की. आल्यावर बॉनेट उघड, नेहमीसारखी कान लावून ऐक, वंगण बोटावर घेऊन बघ आणि मग त्यांना सांग की इंजिन संपलं, यातून आता काही निघणार नाही, रस्त्यावर काढलीत तर कुठेतरी जीव घेईल. माझं ते ऐकणार नाहीत, मिस्त्रींशी तर बोलणंच बंद आहे आणि डॉक्टरांच्या वाटेला जायचं नाही असं त्यांनी ठरवलंच आहे. गाडीच्या बाबतीत ते फक्त तुझा शब्द मानतात, कारण तुला त्यांनीच शिकवलं आहे. त्यांनी शिकवलेल्या विद्येवर तुला त्यांच्याशीच खोटं बोलायला लावते आहे, आणि हे मागताना मला बरं वाटत नाही. पण गाडी थकली एवढं ते तुझ्या तोंडून ऐकून घेतील. तू चावी तुझ्याकडे ठेव. पायाचं मग त्यांना मी सांगेन.

तुझीच,
आई