दोन पेडलं आणि एक मान

ट्रोयान, इग्नाझदेनच्या सणाआधीचा आठवडा

थोरले बंधू बाते वेलिचको यास,

धाकट्या इग्नातचा आदरपूर्वक नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जर्मन डॉक्टर अजून नुसतं "चाला, चाला"च म्हणतो का? आणि वहिनी मजेत ना? (भाजलेल्या मिरच्यांची बरणी पोचली की वाटेत कुणी चाटली?) इकडे मी ठणठणीत. निदान पत्र लिहिण्यापुरता तरी.

लिहायचं कारण असं, की मी गिटारसाठी दोन पेडलं आणलीत आणि त्यातलं कुठलं ठेवू ते तू सांगायचंस. दुकानदार भला माणूस. म्हणाला, दोन्ही ने, सण झाला की एक परत आण. दोन्ही एकाच जातीची. पायाने बटण दाबलं की गिटारला घसा बसल्यासारखी खरखर येते, आणि प्रत्येकात दोन चॅनल. डावा सौम्य, मागे राहून साथ करणारा. उजवा तापट, पुढे घुसून बोलणारा. (म्हणजे मी आणि तू. दुकानात हे बोललो नाही.) लाल पेडलाचा आवाज कसा गोड, स्वच्छ! हिरवं मेलं सारखं गुणगुणतं, बटणंही ढिली. पण लालमध्ये एक चॅनल चालू केला की दुसरा मुकाट बंद. हिरव्यात दोन्ही एकदम चालतात, एक दुसऱ्याच्या अंगावर रेलतो, आणि काय गुरगुरतात म्हणून सांगू!

आता पंचाईत ऐक. तुलना करायला दोन माणसं लागतात, एक वाजवणारा आणि एक लांब बसून ऐकणारा. लग्नांतून आपण दोघं वाजवायचो तेव्हा हे कधी लक्षातच आलं नाही, कारण तू तुझी गिटार घेऊन समोर असायचास आणि न विचारता नावं ठेवायचास. मग मी अक्कल लढवली. तारा छेडल्या आणि आवाज विरायच्या आत ऐकायला सज्ज्यात पळालो. वाटेत वायरीत पाय अडकला, मी थेट आंबवलेल्या कोबीच्या पिंपावर, पिंप आडवं, आणि खारं पाणी खालच्या गिनकामावशीच्या वाळत घातलेल्या चादरींवर. मावशी लाटणं घेऊन वर आली. शिव्या देऊन दमली, तेव्हा मी तिला कॉफी दिली आणि म्हटलं, आलीच आहेस तर ऐक. मी जीव तोडून आधी लाल वाजवलं, मग हिरवं. शेवटी विचारलं, कुठलं बरं? तिने कानातलं मशीन परत कानात घातलं आणि म्हणाली, "सुरू कधी करतोस रे बाळा?"

तीही आता सणाला लेकीकडे वार्नाला चालली. म्हणजे यंदाही तेच. इग्नाझदेनला घरात पहिला पाय ज्याचा पडेल तसं वर्ष जातं, हे तुला मी काय सांगू. त्यातून माझ्याच नावाचा सण. गेल्या वर्षी मी चीज भरून बानित्सा भाजून, राकियाची बाटली उघडून दिवसभर बसलो, आणि आला कोण, तर पाण्याचं मीटर बघणारा. बानित्साकडे बघितलंसुद्धा नाही. "नळ गळतोय," म्हणाला आणि गेला. वर्षभर सगळं गळलं. छप्पर, बंब, माझी वरची दाढ.

मावशी खाली गेल्यावर मी हिरव्याचा उजवा चॅनल फिरवत बसलो आणि तुझ्या गिटारचा आवाज काढला. अगदी हुबेहूब! मग मूर्खासारखा तुझ्या खुर्चीकडे बघत थांबलो, की आता तू सुरू करशील. पण हात माझेच, त्यांना साथ करण्यापलीकडे काही येत नाही. बाते, दादा रे, घर फार रिकामं झालंय. आई होती तोवर "बंद कर ते कोकलणं" म्हणायला तरी कुणी होतं. तेही आता आठवून बरं वाटतं.

वहिनीला नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
इग्नात

ता. क. लाल परत करतोय. ठरलं. तेव्हा पेडलांबद्दल काही कळवलं नाहीस तरी चालेल.

आणखी ता. क. रविवारी फोनवर आपण एकमेकांना बघत होतो, तेव्हा मी विचारलं, सणाला येतोस का? नेमका आवाज गेला. तू नुसती मान हलवलीस, वर-खाली, आणि मग चित्रही गेलं. इकडे आपल्या ट्रोयानला वर-खाली म्हणजे नाही. तुमच्या जर्मनीत म्हणे तेच हो. इतकी वर्षं तिकडे काढल्यावर तुझी मान आता कुठली झाली, हे मला काही केल्या कळेना. गिनकामावशी म्हणते, आपलीच. फोन करून विचारता आलं असतं, पण मग उत्तर ऐकू आलं असतं.

शेवटचा ता. क. हे पत्र पोचेल तोवर सण होऊन गेलेला असेल, हे मला माहीत आहे. तुझ्या गिटारच्या तारा बदलल्यात. मीटरवाला आधी आलाच, तर त्याला जिन्यातच कॉफी पाजत बसेन, तू येईपर्यंत.