कायम झालो की

३ फेब्रुवारी १९३८, धुळे
गिरणीत बदलीवाला म्हणून आठवा महिना. कोणी गैरहजर राहिला तर आपल्याला काम, नाहीतर फाटकावरून परत. पण हे थोडे दिवस. कायम झालो की सुंदरबाईला आणून इथे वेगळी चूल मांडणार. आबा म्हणतात, नोकरी पक्की होईस्तोवर सून रावेरलाच राहील. पोरगा हातचा जाऊ नये म्हणून ही अट. मी ओळखतो आबांना.

४ फेब्रुवारी
भाईदास मुकादमाने बापाचं नाव, गाव विचारलं. वर हसला. आठ महिन्यांत हा माणूस हसला नव्हता.
संध्याकाळी त्याने कारकुनाकडून कार्ड लिहून घेतलं. मी खांबाआडून पाहिलं. माझं नाव ऐकू आलं. चहाडीच. आबांनी याला हाताशी धरलंय.
खोलीतला सोबती निंबा, तोही बदलीवालाच. म्हणाला, "लोटन, तू झोपेतबी पहारा देतो का रे?" हाही त्यांच्यातला.

५ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ
फाटकावर गेलो नाही. टपालपेटीशी उभा राहिलो. पेटी उघडल्यावर कार्ड मागितलं. पोस्टाचा माणूस म्हणाला, तू लिहिलंय का? नाही म्हटलं. मग चालू लाग, म्हणाला.

दुपार
गिरणीत आज एका बदलीवाल्याला कायम केलं. नाव माझं पुकारलं होतं म्हणे. हजर नाही म्हणून मागच्याचा, म्हणजे निंबाचा अंगठा घेतला. निंबा आधी मला बाजारभर धुंडून आला, असं तोच सांगतो.
मुकादम भेटला. "आज कथा गयथा रे?" कुठे गेलो होतो ते न सांगता पुढे निघालो. पुरावा हातात नसताना बोलू नये.

१० फेब्रुवारी
आबा आले. बरोबर सुंदरबाई, आणि डोक्यावर जातं. भुसावळ, चाळीसगाव, दोनदा गाडी बदलून. कार्डात होतं: पोरगा शनिवारी कायम होतोय, सून पाठवा. मुकादमाची चाल खोल, हे मान्य.
सुंदरबाईने कोपरा झाडला, चुलीला जागा पाहिली. तेवढ्यात निंबाने आबांना सगळं सांगितलं. ती केरसुणी घेऊन तशीच बसली.
आबा एवढंच म्हणाले, "चाल. केळीला पाणी द्यायचंय."

१२ फेब्रुवारी, रावेर
घरी आलो. स्वतःच्या मर्जीने. वाटेत भुसावळला सुंदरबाई एकदाच म्हणाली, "त्या दिवशी नुसतं फाटकावर उभं राह्यचं होतं." हिचे कान कोणीतरी भरले आहेत.
जातं आबांनी निंबाला देऊन टाकलं. त्याची बायको पुढच्या आठवड्यात येतेय, ओझं परत कोण वाहील, म्हणाले. एवढं चांगलं जातं, पहिल्याच भेटीत. दोघांची ओळख जुनी असावी. लक्ष ठेवतो.