इंजिनवर मारलेलं पाणी

अप्पा,

गाडी मी काल धुतली, आणि इंजिनवर पाणी मारलं. पाइपनं नाही. लातूरला पाइपनं गाडी धुण्याची चैन आता कुणाला राहिलीय? पिण्याच्या पाण्याच्या मशीनमधून जे वाया जातं ते मी बादलीत धरून ठेवते, त्यातले दोन तांबे ओतले. अकरावीत होते तेव्हापासून कालपर्यंत मी त्या इंजिनला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. गाडी धुवायच्या आधी बोनेट उघडायचं, आत प्लास्टिकची पिशवी घालायची, वरून तुमचं जुनं बनियन खोचायचं, मग पुन्हा बंद करून बादलीला हात. नवरा म्हणायचा, बाळंतिणीलाही कुणी एवढं झाकत नसेल. त्याला मी कारण कधी सांगितलं नाही. ते कारण तुम्हाला, आईला आणि मलाच माहीत आहे असं वाटायचं. तुम्हाला होतंच, पण वेगळं होतं.

तुमची गाडी फिरायला नव्हतीच, उभी राहायला होती. मोंढ्यातल्या दुकानाला तुम्ही सायकलवर जायचात आणि गाडी उदगीरच्या घरासमोर पत्र्याच्या शेडमध्ये सुती खोळ पांघरून बसलेली असायची. तिची सगळी निगा तुम्ही मला शिकवलीत. भावाला नाही, मला. त्याचं मला केवढं अप्रूप होतं. उन्हात धुवायची नाही, डाग पडतात. कपड्याची पावडर लावायची नाही, रंग जातो. चाकांच्या वरच्या खोबणीतला चिखल हातानं काढायचा, तिथूनच गंज धरतो. उभ्या गाडीचं टायर एका जागी चपटं होतं म्हणून दर सोमवारी तिला हातभर पुढं ढकलायची, पुढच्या सोमवारी हातभर मागं. बॅटरीवर पांढरं फूल धरलं की गरम पाणी आणि जुना ब्रश. आणि गावाला जाताना इंजिनवरची, ठिणगी वाटणारी काळी टोपी उघडून आतला रोटर काढून खिशात ठेवायचा. बोटाएवढा काळा तुकडा, वर पितळेची पट्टी. तो नसला की चावी कितीही फिरवा, इंजिन नुसतं खोकतं. तुम्ही म्हणायचात, चोराच्या बापालाही गाडी नेता येणार नाही. तेव्हा मला हसू यायचं.

गाडी नायगावला, आईच्या माहेरी, कधीच का जात नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मामाच्या लग्नात तुम्ही नवी कोरी गाडी धुऊनपुसून वरातीसाठी नेली होती. नवरदेव बसला दुसऱ्याच पाहुण्याच्या जीपमध्ये, आणि जावयाच्या गाडीत भरली भांडी. वरातीच्या शेवटी पातेली वाजवत तुमची गाडी. त्या दिवशी तुम्ही बोललात, या दारात माझी गाडी पुन्हा उभी राहणार नाही. आई ती गोष्ट सांगताना हसायची, तुम्हीही मिशीत हसायचात. रुसलेल्या जावयाची गंमत म्हणून आम्हीही हसलो. अढी एवढी खोल असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग ती खंडेनवमी. आदल्या दिवशी पूजेसाठी मी गाडी धुतली आणि हौसेनं पहिल्यांदाच बोनेट उघडून इंजिनवरही पाइप धरला. चकचकीत दिसावं, तुम्ही शाब्बास म्हणावं, एवढीच इच्छा. सकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर नायगावहून निरोप आला: आजी जायला लागलीय, लेकीला विचारतेय, आत्ताच्या आत्ता निघा. आई पदर खोचून, पिशवी भरून दारात उभी. तुम्ही तडक शेडमध्ये गेलात. मला वाटलं, संकटात माणूस राग विसरतो. मी मागोमाग आले तेव्हा तुमचं डोकं बोनेटमध्ये होतं. तुम्ही आत बसून चावी फिरवलीत, इंजिन खोकलं. पुन्हा फिरवलीत, पुन्हा तेच. मी टोपीकडं हात नेला तर तुम्ही बोनेट खाली घेतलंत.

"आता हात लावू नको," तुम्ही म्हणालात. "काल पाणी मारून काय करून बसलीस ते बघ आधी."

आई दारात होती. तिनं ऐकलं. मी एसटीत तिच्या शेजारी बसले, मुखेडला गाडी बदलली, ताटकळलो, आणि त्या सगळ्या वाटेत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पोचलो तेव्हा आजी गेली होती; आपल्यातल्या रीतीनं तिला भिंतीला टेकवून बसवलेलं होतं, कपाळभर भस्म. मामी रडता रडता सांगत होती, दुपारपर्यंत बोलत होती, रस्त्यावर गाडी वाजली की विचारायची, आली का? मी कोपऱ्यात उभी राहून ते ऐकलं. दोन दिवसांनी परत आलो तर बोनेटवर तीन बोटांचं भस्म आणि वाळलेला झेंडूचा हार. तुम्ही बंद गाडीची साग्रसंगीत पूजा केली होती. त्याच संध्याकाळी गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि तुम्ही म्हणालात, सुकलं एकदाचं. भिजलेली टोपी एका दुपारच्या उन्हात सुकते हेही तुम्हीच मला शिकवलं होतं. पण ज्याच्यावर खापर फुटलेलं असतं तो प्रश्न विचारत नाही.

तुम्ही गेलात त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. उदगीरचं घर आवरलं तेव्हा आई माझ्याकडं आली आणि तिच्यासोबत गाडी आली. मागच्या रविवारी मी गाडी धुवायच्या तयारीला लागले होते, आई पायरीवर बसून शेंगा फोडत होती. माझं पिशवी घालणं, बनियन खोचणं बघत बघत तिला काय आठवलं कोण जाणे.

"लई जपतीस बाई त्या इंजिनला," ती म्हणाली. "तुझ्या अप्पाचं बी तसंच. गाडीचं सामान घेऊन हिंडायचे. आजीच्या वक्ताला मी नायगावहून आले न् धुणं काढलं, तर त्यांच्या शर्टाच्या खिशात काळा तुकडा हाय. बोटाएवढा. वर पितळंची पट्टी. मी मोरीच्या खिडकीत ठिवला. नंतर बघते तर न्हाई तिथं."

ती पुन्हा शेंगा फोडायला लागली. तिला ते काय होतं हे ठाऊक नव्हतं. मला होतं, तुम्हीच शिकवलं होतं.

अप्पा, तुम्ही मामांचा सूड घेतलात, असं मी दोन दिवस स्वतःला समजावलं. पण मामांचं काय गेलं? गेलं आईचं. आणि तिला अडवायचंच होतं तर नाही म्हणायची हिंमत ठेवायची, आदळआपट करायची. तुम्ही तसं केलं नाहीत. तुम्ही माझ्या हौसेचा आडोसा घेतलात. घरात एकच माणूस होतं जे तुमच्या शब्दावर डोळे मिटून चालायचं, त्याच्या डोक्यावर तुम्ही हे ठेवलंत आणि मरेपर्यंत उतरवलं नाहीत. दवाखान्यात मी तुमच्या उशाशी रात्रंदिवस होते. तेव्हाही तुम्ही मला गाडी सोमवारी ढकललीस का एवढंच विचारलंत. मला तुमचा राग येतो. असा राग मला कुणाचा आला नव्हता.

म्हणून काल इंजिनवर पाणी ओतलं. उन्हात ठेवली, चहा होईपर्यंत सुकली. आईला म्हटलं, चल, नायगावला जाऊ. ती लगेच उठली, पातळसुद्धा बदललं नाही. अहमदपूर मागं टाकलं तशी ती बोलायला लागली, वाटेतल्या गावांची नावं घेत राहिली. आणि तुमची गाडी मी मामांच्या दारात उभी केली, अगदी उंबऱ्याला लावून. थकलेले मामा बाहेर आले, बोनेटवर हात ठेवून नुसते उभे राहिले. आई आत गेली आणि आजीला बसवलं होतं त्या भिंतीपाशी टेकून बसली.

परत येताना अंधारायला लागलं होतं. आईनं मध्येच विचारलं, "काय असतं गं ते, पितळंच्या पट्टीचं?" तिचं तोंड खिडकीकडं होतं. सांगितलं असतं तर मी सुटले असते. तिनं एसटीत गिळलेला तो शब्द तुमच्या नावावर गेला असता. पण मग संसार कुणाबरोबर केला हे तिला या वयात नव्यानं कळलं असतं.

मी म्हणाले, "माहीत नाही आई. असेल कसला तरी तुकडा."

ती बरं म्हणाली. हे पत्र मी फाडणार आहे, कारण ती चष्मा लावून घरातला प्रत्येक कागद वाचते. आता हे तिच्यापासून लपवणारे आपण दोघं झालो, अप्पा, आणि ती पुन्हा एकटीच पडली.