एकतीस वर्षांच्या तारा

३ मार्च, सोमवार

काका आज बेस गिटार घेऊन आले! जिन्यात मी हात पुढे केला तर म्हणाले, "असू दे, हिला परक्या हाताची सवय नाही." आणि वर आल्यावर माझ्याच मांडीवर ठेवली. "तुझ्या दवाखान्यात पेशंट भरती करायचाय."

बँड बंद पडून सहा वर्षं झाली. तेव्हापासून ही बिचारी कपाटावर पडून होती. आता २९ तारखेला क्लबच्या हॉलमध्ये जुनी मंडळी पुन्हा जमणार — एकदाच, चौदा गाणी. सगळे एकेकाळी एकाच लिफ्ट कंपनीत. दिवसभर लोकांना वरखाली करायचं आणि संध्याकाळी वाजवायचं. लहानपणी मी त्यांच्या तालमीला जाऊन बसायची. बाकीच्या मुली गाणाऱ्या बाईंकडे बघायच्या, मी काकांच्या अंगठ्याकडे.

निघताना म्हणाले, "तुला काय करायचं ते कर. फक्त आवाज तेवढा माझा राहू दे." मी म्हटलं, काळजीच सोडा.

४ मार्च, मंगळवार

आता घरात चार बेस. माझ्या तीन — काळी, पाच तारांची आणि ती छोटी, जी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि सर्वांत लाडकी झाली. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "चार झाल्या. आता रोज सकाळी हजेरी घेत जा." मी म्हटलं, तुझीच आधी घेते.

काकांची तपासली. मान पुढे वाकलीय. आवाजाचं बटण फिरवलं की खरखरतं. बोटं दाबायच्या पट्टीवर एवढा मळ की खाली लाकूड आहे यावर विश्वास ठेवावा लागतो. दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासते, घरी येऊन हे. मळ दिसला की माझे हात शिवशिवतात, त्याला मी काय करू.

नवऱ्याने सहज विचारलं, "तू का नाही वाजवत त्यांच्यात?" हसले मी. नऊ वर्षं वाजवतेय, पण या खोलीत, दार लावून. माणसांबरोबर एकदाही नाही. मी दुरुस्तीवाली. ज्याचं त्याने करावं.

६ मार्च, गुरुवार

मानेतली सळई पाव फेरा पिळली. फक्त पाव! मग चोवीस तास हात लावायचा नाही, लाकडाला विचार करू द्यायचा. हे मला जमत नाही. तीनदा जाऊन बघून आले.

९ मार्च, रविवार

आजचा दिवस सोन्याचा. सकाळी नऊला बसले ते दुपारी चारला उठले. बटणात औषध मारलं, खरखर गेली. पट्टी घासली — आतून गडद चॉकलेटी लाकूड निघालं, बघतच राहिले. तेल दिलं. आणि त्या तारा! काळ्या पडलेल्या, मेलेल्या, वाजवल्या तर नुसता धप्प आवाज. कापल्या, गुंडाळी केली, कचऱ्यात. नव्या चढवल्या, चकचकीत. आवाज असा खणखणीत निघाला की खालच्या वकीलबाईंनी गॅलरीत येऊन वर बघितलं.

काकांना फोटो पाठवला. काय खूश होतील!

१० मार्च, सोमवार

मेले.

दुपारी दुकानात काकांचा फोन. "फोटो बघितला. आरशासारखी केलीस गं. आणि एक सांगायचं राहिलं — तारांना मात्र हात लावू नकोस हं. एकतीस वर्षांच्या आहेत त्या. आता कुठे बोलायला लागल्यात."

मी म्हटलं, "हो काका."

हो काका! माझ्या तोंडातून आलं ते. हातात कुणाच्या तरी वाचायच्या चष्म्याची काच होती, ती कोपऱ्यातून उडाली. नवी करून द्यावी लागणार.

मला माहीत असायला हवं होतं. साध्या गिटारवाल्याच्या तारा जुन्या झाल्या की तो फेकतो. बेसवाल्यांतले काही जुने लोक त्या जपतात, कारण चकाकी मेली की खालचा गोल, जाड, छातीत बसणारा आवाज उरतो. तो धप्प — तोच काकांचा आवाज! मी लहानपणी ऐकलेला. मीच! कापून टाकला.

घरी आल्याआल्या खाली कचऱ्याच्या पेटीपाशी गेले. गाडी सकाळीच येऊन गेलेली. नवरा ऑफिसच्या कपड्यात शेजारी उभा राहिला, पेटीत डोकावला आणि म्हणाला, "सांगून टाक त्यांना." मी म्हटलं, सांगेन. आज नाही.

११ मार्च, मंगळवार

वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हातारा, तिरसट, पण खोटं बोलत नाही. त्याला सगळं सांगितलं. तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी कुणाचं तरी माणूस हरवून आलेय. मग आतून एक पाकीट काढलं. सपाट तारा, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागणाऱ्या. काकांच्या तशाच होत्या. मी परवा ज्या खरखरीत चढवल्या त्या म्हणजे शुद्ध वेडेपणा.

"पण या नव्या आहेत," मी म्हटलं. "जुन्या कशा करायच्या?"

"वाजवून."

"दुसरा काही उपाय?"

"घाम, तेल, हात. दुसरा उपाय असता तर मी बाटलीत भरून विकला असता."

१२ मार्च, बुधवार

ठरलं. सकाळी दुकानाआधी एक तास, संध्याकाळी आल्यावर दोन तास. रविवारी दिवसभर. नुसते सूर घासत बसायचं तर जीव जाईल, म्हणून काकांच्या शेवटच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावते आणि त्यांच्याबरोबर वाजवते. तीच चौदा गाणी, ओळीने. ब्रिजपाशी, म्हणजे तारा खालच्या टोकाला टेकतात तिथे, तारांखाली भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा कोंबलाय. आवाज जरा आवरतो.

१५ मार्च, शनिवार

आज बटाट्याचे वेफर्स खात वाजवलं. मुद्दाम, तेलकट बोटांनी. आयुष्यभर लोकांना ओरडत आले, हात धुवून वाद्याला हात लावा म्हणून. कुणी बघितलं तर तोंड दाखवायला जागा नाही.

नवऱ्याने एक पाळी घेतली. त्याला एकच तार दिली, एकच सूर. मन लावून वाजवत होता, जीभ बाहेर काढून. वीस मिनिटांत अंगठ्याला फोड. "तुझ्या काकांनी एकतीस वर्षं हे केलं?" म्हणाला. आणि फोडावर फुंकर घालून पुन्हा वाजवायला लागला. मला फार आवडला आज तो.

१८ मार्च, मंगळवार

वकीलबाई जिन्यात भेटल्या. मी आधीच माफी मागायला लागले. त्या म्हणाल्या, "वाजवा हो. फक्त ते तिसरं गाणं फार घाईने घेता तुम्ही."

खरं आहे. उद्यापासून हळू.

१९ मार्च, बुधवार

हळू घेतलं. काय सुंदर झालं!

२३ मार्च, रविवार

सात तास. पाठ मोडली, बोटांची टोकं लाकडाची झाली, पण आनंद पोटात मावत नाही. गाणी आता हातातच आहेत. सातव्या गाण्याच्या शेवटी काका ठोक्याच्या किंचित आधी घुसतात — मला आधी कळेचना माझं कुठे चुकतंय. आज तेही जमलं. रेकॉर्डिंग बंद केलं तरी ते वाजत राहतं. मधेच विसरले की हे तारा जुन्या करायला चाललंय.

चकाकी गेलीय तारांची. एकतीस वर्षं नाही झाली, पण चार-पाच तरी.

सांगितलं नाही अजून. काकांचा दोनदा फोन येऊन गेला. "काय म्हणतोय पेशंट?" "मजेत आहे." माझं मलाच ऐकवत नाही.

२६ मार्च, बुधवार

नवरा: "त्यांना कळलंच नाही तर?"

तीच तर भीती आहे. त्यांना कळलं नाही, तर मी जन्मभर त्यांच्या तोंडाकडे बघत राहीन. आणि स्टेजवर, पहिल्या सुराला कळलं तर त्यांची ती एकुलती एक संध्याकाळ गेली. दोन्हीकडून मीच चोर.

शुक्रवारी न्यायला येणार आहेत. त्यांच्या हातात देण्याआधी सांगणार. इथे लिहून ठेवते म्हणजे पळता येणार नाही.

२८ मार्च, शुक्रवार

काका आले. वाक्य पाठ करून ठेवलं होतं, चांगलं गोलगोल. दार उघडलं, ते एक बूट काढत होते, आणि मी बोलून गेले, "काका, तुमच्या तारा मी टाकून दिल्या."

दुसरा बूट पायातच राहिला.

"कुठे?"

"कचऱ्यात. नऊ तारखेला. तुमचा फोन यायच्या आदल्या दिवशी."

ते एका बुटावर तसेच आत आले आणि बसले. मी रडले, लपवत नाही. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, सर्वांत जाड तारेवर अंगठा ठेवला, एकदाच वाजवली. सूर पूर्ण विरेपर्यंत थांबले.

"मग या कुठल्या?"

"नव्या आहेत. जुन्या केल्यात."

"कशा?"

"वाजवून. पंचावन्न तास झाले. थोडे नवऱ्याचे आहेत त्यात."

"काय वाजवलंस पंचावन्न तास?"

"तुमचीच गाणी."

"किती?"

"चौदाच्या चौदा."

त्यांनी गिटार माझ्याकडे सरकवली. "सातव्याचा शेवट वाजव बघू."

त्यांच्यासमोर कधी वाजवलं नव्हतं. पण हातांना काय, त्यांना पाठ आहे. वाजवला. शेवटी ठोक्याच्या आधी घुसले, बरोब्बर त्यांच्यासारखी. काकांनी डोळे मोठे केले.

"ते पण घेतलंस? अगं, ती चूक आहे माझी! एकतीस वर्षांत कुणाला सापडली नव्हती."

आणि हसायला लागले. खांदे हलवून, आवाज न करता, त्यांची ती जुनी तऱ्हा. मग वाकून दुसरा बूट काढला आणि चहा मागितला. आणखी तीन गाणी वाजवायला लावली, दोन मधूनच तोडली, एक पूर्ण ऐकलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. जाताना गिटार उचलली आणि एवढंच म्हणाले, "उद्या लवकर ये. वायरी बघायला कुणीतरी लागेल."

मी बघेन वायरी. शंभर बघेन.

३० मार्च, रविवार

काल लिहायला बसले असते तर पान फाटलं असतं. सकाळी शांतपणे लिहिते.

हॉल भरलेला. जुन्या मंडळींची पोटं आणि टकलं बघून लोकांनी आधीच टाळ्या वाजवल्या. ड्रमवाल्याला सगळे बारक्या म्हणतात, शंभर किलोंचा तरी असेल. काकांनी पहिला सूर लावला आणि मी श्वास धरला. आवाज त्यांचा होता! अगदी तोच नाही. जरा तरुण. पण त्यांचाच. माझ्या छातीवरचा दगड तिथेच स्टेजच्या बाजूला उतरला.

चार गाणी झाली. चौथं संपलं आणि काकांनी कमरेला हात लावला. मग पाठीमागची खुर्ची धरली. मी धावले. "उसण भरली," म्हणाले, दात आवळून. "उभं राहवत नाही. ये, घे."

"मी? नाही काका. मी नाही वाजवत माणसांत."

"मग काय लोकांना घरी पाठवू?"

पट्टा त्यांनीच माझ्या गळ्यात घातला. त्यांच्या उंचीचा — गिटार माझ्या गुडघ्यांपाशी! लोक हसले. मी नवऱ्याला शोधत होते, तो दुसऱ्या रांगेत, तोंडावर दोन्ही हात. तेवढ्यात बारक्या मोजायला लागला, एक, दोन, तीन. पळायला वेळच दिला नाही मेल्याने.

आणि मग ते झालं. त्याच्या मोठ्या ड्रमचा ठोका आणि माझा सूर एकदम पडले. एकाच जागी. पायाखालची फळी हलली. नऊ वर्षं मी दार लावून काय करत होते? हे माहीतच नव्हतं मला. एकटीने वाजवताना सूर भिंतीला लागून परत येतो. इथे तो कुणीतरी उचलून घेत होतं आणि माझ्याकडे टाकत होतं. मी हसत होते, नवरा म्हणतो, सबंध वेळ, वेड्यासारखी.

सातव्याच्या शेवटी तशीच ठोक्याच्या आधी घुसले. बारक्याने चमकून काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि इतका हसला की काठी सुटली. म्हणजे त्याला एकतीस वर्षं माहीत होतं!

दहा गाणी वाजवली. दहा! काका खुर्चीत बसून पायाने ताल धरत होते, कमरेवर एक हात. संपल्यावर बारक्या म्हणाला, गुरुवारी तालीम आहे, ये. मी हो म्हटलं. कुणाला न विचारता. गिटार काकांनी माझ्याचकडे ठेवली, उचलवत नाही म्हणाले.

बिचारे. त्यांची एकच संध्याकाळ आणि नेमकी पाठ धरली. उद्या फोन करते.

३१ मार्च, सोमवार

काकूला फोन केला, काकांची पाठ कशी आहे म्हणून.

ती म्हणाली, "पाठीला काय धाड भरलीय? सकाळपासून माळ्यावरच्या ट्रंका उतरवतायत. आणि तुला नाही सांगितलं त्यांनी? शुक्रवारी तुझ्याकडून घरी आले तेच म्हणत, उद्या मला चारच गाणी वाजवायची आहेत."